पेवातली वाइन

तेरावं उरकलं, पाहुणे पांगले, तरी अर्पिता सासूशी एक शब्द बोलली नव्हती. आता केदारखेड्याहून तिचा भाऊ जीप घेऊन निघाला होता. एकदा का ती जीपमध्ये बसली की या घरात पुन्हा पाय ठेवायची नाही, हे गोजरबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हातारीला दुसरं काही नको होतं. सुनेनं शिव्या द्याव्यात, अंगावर धावून यावं, पण तोंड उघडावं. लेक तर गेला, ही तरी राहावी. एवढी एकच आस धरून ती सकाळपासून उंबऱ्यात बसली होती.

गावाचं काय, गाव दोन्ही तोंडांनी बोलतं. अर्धं गाव म्हणत होतं, म्हातारीनं सून वाचवली, धन्य ती माय. उरलेलं अर्धं म्हणत होतं, पोटचा लेक खाली मरून राह्यला आन ही वर बसून राह्यली, काळीज हाय का धोंडा? ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं नाही, त्यांना बोलायला काय जातं!

सगळं सुरू झालं गळलेल्या मोसंबीपासून. तीर्थपुरीच्या अलीकडं, डांबरी सोडून आत, गोजरबाईच्या लेकाची, सोमेश्वरची बाग. दर बहाराला चांगली टपोरी फळं देठ सोडून खाली पडायची आणि व्यापारी ती पायानं बाजूला सारायचा. सोमेश्वरला ते बघवायचं नाही. कुठल्याशा मेळाव्यात त्यानं फळाची वाइन चाखली आणि तिथून त्याच्या डोक्यात भुंगा शिरला. बायको विज्ञान शिकलेली, तिनं साखर मोजायची काचेची नळी मागवली. नवराबायको दोघंही हौशी. परवान्याचं पुढं बघू, आधी स्वतःला प्यावीशी वाटेल अशी तर होऊ दे, असं अर्पिताचं म्हणणं.

पहिली वाटी आईपुढं आली तेव्हा गोजरबाई उखडली. "मुडद्या, आईला दारू पाजतो का?"

"दारू न्हाई माय, फळाचं हाय. उपासाला फळ चालतं ना? मंग फराळात धर."

"लई शहाणा झालास!" असं म्हणाली खरी, पण मनातून तिलाही चाखायचीच होती. पडत्या फळाची आज्ञा, तिनं वाटी तोंडाला लावली आणि लगेच तोंड वाकडं केलं. "कडू हाय रं. कडुलिंबाचा काढा बरा."

झालं, त्या दिवसापासून म्हातारी घरची चाखणारी झाली. तिच्या जिभेला गोडाचा भारी नाद. चहात साखर कमी पडली तर कप परत जायचा. सोमेश्वरनं ठरवूनच टाकलं, मायच्या तोंडाला जी गोड लागंल तीच खरी. मग काय एकेक फळ आणलं त्यानं! जांभळाची केली. "रंग झकास," गोजरबाई म्हणाली, "पर जिभेला गोणपाट गुंडाळल्यावानी झालं." बोराची केली. "ही वाइन हाय का बोरकुटाचं पाणी?" सीताफळाची वाटी तर तिनं नाकाशी नेऊन तशीच खाली ठेवली. "हिला आधी आंघोळ घाल, मंग माझ्यापुढं आन."

शेजारचा कल्याण रोज दिवस मावळायला हजर. त्याला काय, डबक्यातलं पाणी दिलं असतं तरी "एक नंबर" म्हणाला असता. ओट्यावर चौघं बसायची, हातात स्टीलच्या वाट्या, समोर भाजलेले शेंगदाणे, आणि म्हातारीच्या एकेका शेऱ्यावर सून पोट धरून हसायची. कचरू, म्हणजे गोजरबाईचा नवरा, गेल्यापासून त्या ओट्यावर कुणी असं हसलं नव्हतं. म्हातारी पिती म्हणून बायका कुजबुजायच्या. पिते तर पिते, तुमच्या बापाचं काय जातं, असं गोजरबाई पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून त्यांच्या तोंडावर म्हणाली होती.

कडूपणाचं कारण अर्पितानं शोधलं. बिया आणि सालीखालचा पांढरा पापुद्रा रसात चिरडला जात होता. मग तिघांनी बसून मोसंबी हातानं सोलायला सुरुवात केली. कडूपणा गेला. पण गोडी काही टिकेना. रस गोड मध, आणि वाइन झाली की आंबट ढोण.

"खमिराचं काम हाय हे, आत्याबाई," अर्पिता सांगायची. "उन्हाळ्यात ते पिसाळतं, सगळी साखर खाऊन टाकतं. गार जागा असली तर सावकाश खाईल, आन मंग पाहिजे तिथं थांबवता येईल."

"फ्रीजमंदी किती मावणार?" सोमेश्वर वैतागून म्हणाला.

तेव्हा गोजरबाई बोलली, आणि आता तिला वाटतं, ते बोलायच्या आधी जीभ झडली असती तर बरं. "गार जागा पाहिजे तं पेव हाय की आपलं."

पेव घरामागं होतं. जुन्या माणसांनी ज्वारी साठवायला जमिनीत खणलेलं, आत खोलीएवढं ऐसपैस आणि तोंडाला एक माणूस उतरेल इतकंच. किती वर्षं त्यावर फरशी पडून होती. फरशी काढल्यावर सोमेश्वर शिडी लावून लगेच उतरायला निघाला, तशी म्हातारीनं त्याची बंडी धरून मागं ओढलं. तिच्या माहेरी पेवानं दोन चुलते खाल्ले होते. ओल्या ज्वारीनं वायू धरला होता. थोरला उतरला आणि पडला, त्याला काढायला धाकटा उतरला, तोही पडला. "आधी दिवा सोडायचा," ती म्हणाली. "दिवा इझला तर आपुन बी इझतो." तिनं स्वतः कंदील दोरीला बांधून खाली सोडला. तो तळाशी जाऊन शांत जळत राहिला.

"निर्मळ हाय पेव," गोजरबाईनं निकाल दिला. तिच्या हिशेबी दोष असायचा तो नासलेल्या ज्वारीचा. फळाला कसला आलाय दोष? फळ तर देवाला चालतं.

रिकामे कॅन खाली नेऊन मांडले, रस बादलीनं सोडला. प्रत्येक कॅनच्या झाकणातून एक नळी काढून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं. नळीतून बुडबुडा आला की वाइन चालू आहे म्हणायची. सोमेश्वर खाली जाऊन बुडबुडे ऐकत बसायचा आणि वर येऊन सांगायचा, "माय, सावकाश चाललंय बघ, एकदम गाईनं रवंथ केल्यावानी." सगळे खूश. तो बुडबुडा पाण्यातून निघून पुढं जातो कुठं, हे विज्ञान शिकलेल्या सुनेनंही विचारलं नाही आणि दोन चुलते गमावलेल्या सासूलाही सुचलं नाही. एकदा दिवा जळला होता ना, मग झालं.

मग अवकाळी आला. गारांसकट झोडपून काढलं त्यानं. पेवात पाणी जाऊ नये म्हणून सोमेश्वरनं तोंडावर फरशी ओढली, वर ताडपत्री टाकली, दगड ठेवले. आभाळ मोकळं होईस्तोवर ते तसंच बंद राहिलं.

ऊन पडल्यावर त्याला दम कुठला? सकाळी चहा पिऊन तो वाटी आणि रबरी नळी घेऊन निघाला. गोजरबाई पडवीत डाळ निवडत होती. "माय, डाळ ठेव बाजूला," तो ओरडला. "आज तुझ्या तोंडाला गोड लागली न्हाई ना, तर बापाचं नाव सांगनार न्हाई."

"जा, जा, लई बघितले," ती हसून म्हणाली. लेकाशी ती शेवटचं बोलली ते हे.

फरशी सरकल्याचा आवाज आला. शिडी करकरली. मग धप्प असं काहीतरी झालं, पोतं टाकल्यासारखं. गोजरबाईनं हाक मारली. पुन्हा मारली. हातातलं सूप टाकून ती पेवाशी गेली आणि वाकून बघितलं. सोमेश्वर तळाशी, कॅनांच्या मधे, पालथा पडला होता. एक हात हालत होता.

कपडे वाळत घालणारी अर्पिता धावत आली, तिनं खाली बघितलं आणि "अहो!" करून किंचाळत शिडीवर पाय ठेवला. एक पाय, मग दुसरा. कमरेपर्यंत ती आत गेली होती. गोजरबाईनं तिच्या दंडाला धरलं, वेणी धरली, आणि ओढून बाहेर काढलं.

"सोडा! आत्याबाई, सोडा मला!"

"न्हाई सोडनार."

"ते पडलेत, दिसत न्हाई का तुम्हाला? सोडा!"

पोरगी तरणी, म्हातारीच्या दुप्पट ताकदीची. गोजरबाईनं तिला जमिनीवर पाडलं आणि तिच्या अंगावर बसली, सरळ बसली, दोन्ही गुडघे तिच्या दोन्ही बाजूंना रोवून. अर्पितानं ओरबाडलं, हाताचा कडकडून चावा घेतला. म्हातारीनं हात तसाच राहू दिला आणि तोंड वर करून कल्याणच्या नावानं बोंब ठोकली.

आणि खालून आवाज येत होता. घोरल्यासारखा. जेवून झोपलेला माणूस घोरतो तसा, संथ, खोल. दोघींनाही ऐकू येत होता. लेक जिवंत होता, चार हातांवर होता, शिडी लावलेली होती, आणि आई सुनेच्या छातीवर बसून होती. गोजरबाईचं सगळं शरीर त्या शिडीकडं ओढ घेत होतं. फक्त उठायचं होतं. पण ती उठली असती तर तिच्या आधी अर्पिता आत गेली असती, हे तिला लख्ख दिसत होतं, आणि माहेरचा तो धाकटा चुलताही दिसत होता.

कल्याण आला तो थेट शिडीकडंच धावला. "उतरू नको, तुला तुझ्या लेकरांची आन हाय!" म्हातारी ओरडली. "आधी दिवा सोड!" त्यानं जळता बोळा दोरीला बांधून सोडला. तो शिडीच्या दुसऱ्याच पायरीपाशी पटकन विझला. ते बघून कल्याण मागं सरकला. मग माणसं जमली. ओली घोंगडी आत सोडून वरखाली हलवायची, वारा खेळवायचा, असं कुणीतरी जुन्या माणसानं सांगितलं. ते करता करता केव्हातरी घोरणं थांबलं. बुडबुड्यांचा आवाज मात्र चालू होता.

बोळा तळाशी जळत राहिला तेव्हा कुठं स्वतःच्या कमरेला दोर बांधून कल्याण उतरला, आणि त्यानं वर काढलं तेव्हा सोमेश्वरचं अंग कोमट होतं. दवाखान्यात डॉक्टरनं नुसती मान हलवली.

पुढं पंचनामा झाला, पोलिसांनी काय ते लिहून नेलं, पेवातले कॅन वर काढून नेले. त्यातला एक मात्र गोठ्यामागं ठेवलेला राहून गेला. तेराव्याच्या आदल्या दुपारी घरात कुणी नसताना गोजरबाईनं त्याचं झाकण उघडलं आणि वाटीभर काढली. लेकाचा जीव जिच्यापायी गेला ती चीज काय आहे, हे तिला बघायचं होतं. कडू निघावी, नासकी निघावी, म्हणजे तोंडभर शिव्या तरी देता येतील.

गोड होती. जमली होती बराबर. आधी मोसंबीचा वास, मग मधासारखी गोडी, आणि घोट गेल्यावरही जिभेवर रेंगाळणारी. थुंकून टाकावी असं तिला वाटलं, पण जीभ थुंकू देईना. मेल्या जिभेला ती आवडली होती. गोजरबाईनं वाटी फेकली आणि स्वतःच्या तोंडावर फाडफाड मारून घेतलं. मग कॅन आडवा केला आणि सगळी वाइन मातीत जाऊ दिली.

जीप दारात येऊन थांबली. भावानं बॅग उचलली. अर्पिता घरातून बाहेर आली, उंबऱ्यातल्या सासूपाशी थबकली, आणि इतक्या दिवसांनी तिनं तोंड उघडलं.

"गोठ्यामागं ओली माती दिसली मला. चाखली का तुम्ही?"

"चाखली."

"कशी व्हती?"

कडू होती म्हणावं, असं गोजरबाईच्या मनात येऊन गेलं. पण या पोरीशी ती वाइनीबाबत कधी खोटं बोलली नव्हती. "गोड व्हती," ती म्हणाली. "लई गोड. त्याला पाहिजे व्हती तश्शी."

"ते जित्ते व्हते. घोरत व्हते. मी ऐकलं, तुम्हीबी ऐकलं."

"व्हय."

"मंग तुम्ही का न्हाई उतरल्या? माय ना तुम्ही?"

गोजरबाईनं दाराची चौकट धरली आणि उठून उभी राहिली. "मी उतरले असते तं तुला कोनी धरलं असतं, पोरी?"

अर्पितानं तिच्याकडं बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, काहीच नव्हतं.

"मला धरा म्हणून कोणी सांगितलं व्हतं तुम्हाला?"

एवढं बोलून ती पायऱ्या उतरली आणि जीपमध्ये भावाशेजारी जाऊन बसली. तिनं वळून बघितलं नाही. जीप डांबरीला लागेस्तोवर गोजरबाई उभी होती. मग ती मटकन खाली बसली आणि लेक गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्यानं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं रडली.