कोपऱ्यातला भीमराज

भालकी तालुक्यातल्या मेहकरच्या वाचनालयातला कॉम्प्युटर सावित्रीबाई चालवायच्या, आणि त्या तो कसा चालवतात हे गावात सगळ्यांना पाठ होतं. खाली डाव्या कोपऱ्यात हिरवं पान आहे, ते दाबायचं, की मेन्यू वर येतो. त्यात पुस्तकांची नोंद, पेपर, काय हवं ते. अक्षरं सगळी इंग्रजी, त्यामुळे बाईंना धरायला तेवढं एक पानच होतं. पन्नाशीनंतर शिकलेल्या बाईला तेवढं पुरत होतं.

वाचनालय उभं केलं त्यांच्या नवऱ्याने, भीमराजांनी; पुढे ते सरकारने ताब्यात घेतलं. भीमराज वारल्यावर बाईच तिथं बसायला लागल्या आणि तिथल्याच झाल्या. आता मात्र तालुक्याहून, भालकीहून, एक साहेब येणार होते. बाईंना कॉम्प्युटर चालवता येतो की नाही ते स्वतः बघणार, आणि येत नसेल तर बाईंच्या जागी दुसरं माणूस बसवणार.

मुलगा नागसेन कडगंचीच्या विद्यापीठात शिकून आला होता, नोकरी अजून लागायची होती. जुनं मशीन फारच रडायला लागलं म्हणून त्यानेच त्यावर लिनक्स ही फुकटातली हलकी सिस्टीम टाकली आणि आईला शिकवलंही त्यानेच. इथवर पोरगं शहाणं. पण हात शिवशिवणं हा एक रोगच असतो. साहेब यायच्या आदल्या संध्याकाळी, आई घरी गेल्यावर, त्याच्या मनात आलं की बाबांचं वाचनालय आहे, तर साहेबांना बाबा दिसायला हवेत. त्याने वडिलांचा फोटो चेहऱ्यापुरता कापला, मेन्यूवर उजवं बटण दाबून सेटिंग उघडली आणि पान काढून तिथं फोटो बसवला. आधी चेहरा धुरकट आला, मग फोटो मोठा व्हावा म्हणून त्याने पडद्याच्या तळाची पट्टी थोडी जाड केली. तेव्हा कुठे भीमराज नीट दिसायला लागले. आईला त्याने मुद्दामच सांगितलं नाही. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता म्हणे.

सकाळी साहेब आले. इथला सरकारी कारभार कन्नडमध्ये, म्हणून त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, बाईंनीही कन्नडमध्ये फटाफट उत्तरं दिली. मग पुस्तकांची नोंद उघडून दाखवा, असं ते म्हणाले. बाईंनी माऊस कोपऱ्याकडे नेला आणि हात थांबला. पानाच्या जागी नवरा होता. घरी भिंतीवर ज्याच्यापुढे त्या रोज मेणबत्ती लावून हात जोडतात, त्याच्या तोंडावर बाण कसा टेकवायचा? फोटो दाबायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं. त्या पान शोधत राहिल्या, वर, उजवीकडे, पुन्हा खाली, आणि दर वेळी फोटोला वळसा घालून बाण पुढे नेत राहिल्या.

नागसेन दारातच उभा होता. साहेब, ते मी बदललंय, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण सरकारी मशीनला कोणाला विचारून हात लावला, असं साहेब म्हणतील, या भीतीने तो दाराची चौकट धरूनच राहिला. शेवटी साहेबांनीच त्याला विचारलं, तुला येतं का. तो पुढे झाला आणि आईच्या खांद्यावरून वाकून त्याने बापाच्या चेहऱ्यावर क्लिक केलं. मेन्यू उघडला. साहेब खूश झाले. त्यांनी त्याचं शिक्षण विचारलं आणि उद्यापासून इथं तूच बस, असं सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, वय झालं साहेब, ध्यानात राहत नाही. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

गाडी गेली तेव्हा नागसेनच्या तोंडाचं कुलूप निघालं.

"माय, पान म्या काढलं व्हतं. तुला बरं वाटावं म्हणून."

"ठाऊक हाय. तुझ्या बापाचा फोटो तिथं दुसरं कोण लावील?"

"मग साहेबाला कामून सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुझ्यावर आलं असतं. लेकराचं नाव मी घेऊ व्हय?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प तर तोही बसला होता, पण आईसाठी नव्हे. आत्ताच्या आत्ता भालकीला जातो, साहेबांना खरं काय ते सांगतो, असं तो म्हणाला. त्या वेळी तरी ते त्याच्या मनापासून होतं.

बाईंनी पदराने खुर्ची पुसली. "बस," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकाला नोकरी लागली म्हणून गावात सांगायला जायलाव मी. मला खोटं पाडू नकोस."

नागसेन खुर्चीपाशी आला. मग बसला.