खिळ्यावरची नळी

शनिवारी सकाळी चंद्रकांतराव बर्फ काढायचं फावडं घ्यायला गॅरेजमध्ये गेले आणि खिळ्याला टांगलेली नळी त्यांना दिसली. हातभर लांबीची, काळ्या रबराची, दोन्ही टोकांना क्लॅम्प. ती तिथे असायला नको होती. फेब्रुवारीत तर नकोच नको. कॅनडातल्या एडमंटनला त्या दिवशी उणे छत्तीस होतं.

ती नळी त्यांच्या जुन्या गाडीची. इंजिनाच्या पोटात तेलाची नि पाण्याची वाफ सारखी कोंडत असते. ती परत ओढून जाळायला कंपनीने ही एक साधी नळी दिलेली असते. पण साधं काही ठेवलं तर ते चंद्रकांतराव कसले! त्यांनी ती काढून तिथे ॲल्युमिनियमचा चकचकीत डबा बसवला. वाफेतलं तेल डब्यात साचे, इंजिन आतून स्वच्छ राही. उन्हाळाभर झकास. कडाक्याच्या थंडीत मात्र त्यात पाणीच जास्त साचे, त्याचा बर्फ होई आणि वाट बुजे. एक मेकॅनिक डबा पाहून हसला होता, ते अजून त्यांच्या मनात सलत होतं. म्हणून दर ऑक्टोबरात ते मुकाट्याने डबा काढत, मूळची नळी जोडत आणि याबद्दल कुणापाशी चकार शब्द काढत नसत.

ऑगस्टमध्ये गाडी त्यांनी प्रणवला विकली. नागपूरहून नुकताच आलेला मुलगा, बायको अनुया, आणि लेक ऊर्मी तेव्हा महिन्याभराची. ड्राइव्हवेवर नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली, महाराष्ट्र मंडळातली दहाबारा माणसं पेढे खात उभी होती. चंद्रकांतरावांनी बॉनेट उघडून डब्यावर चांगली दहा मिनिटं भाषण ठोकलं. मग प्रणवने विचारलं, "काका, विंटरमध्ये याचं काही बघावं लागतं का?"

सगळे बघत होते. आत्ताच ज्याचे गोडवे गायले तो डबा वर्षातले सहा महिने काढून ठेवावा लागतो, हे त्यांच्या तोंडून निघेना. "काही नाही रे," ते म्हणाले. "फक्त हात लावायचा नाही. मेकॅनिक म्हणाला तरी लावू द्यायचा नाही."

ऑक्टोबरात त्याला एकट्याला गाठून सांगू, असं त्यांनी ठरवलं. ऑक्टोबरात ते भाचीच्या लग्नाला पुण्याला गेले. डिसेंबरात आठवलं तेव्हा फोन हातात घेतला आणि लाजेने खाली ठेवला. पोरगा कॉन्डोच्या उबदार पार्किंगमधून ऑफिसच्या उबदार पार्किंगमध्ये जातो, मध्ये दहा मिनिटं, काय होणार आहे? अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

नळी खिळ्यावरून काढून ते घरात बायकोकडे आले. "यामिनी, प्रणवला फोन लाव."

"आता कुठला उचलतोय तो!" यामिनी चहा गाळत म्हणाली. "लाँग वीकेंड ना, जॅस्परला निघालेत. अर्ली मॉर्निंग, साडेसातलाच. अनुयाने फोटो टाकलाय, बघ, ऊर्मी स्नोसूटमध्ये कसली गोड दिसतेय."

फोटोत ऊर्मीच्या मागे ती गाडी होती. वाट बुजली की कोंडलेली हवा मिळेल त्या फटीतून तेल बाहेर ढकलते. तेल गेलं की इंजिन जाम. इंजिन जाम झालं की हीटर बंद. उणे छत्तीसात, आडरस्त्यावर, सात महिन्यांच्या पोरीला घेऊन.

प्रणवचा फोन वाजत राहिला. मुक्कामाला पोहोचेपर्यंत फोनला हात लावायचा नाही, हीसुद्धा काकांचीच शिकवण, आणि पोरगा आज्ञाधारक. अनुयाचा फोन लागतच नव्हता. "मी पोलिसांना सांगते," यामिनी म्हणाली. पण काय सांगणार? गाडी बंद पडलेली नाही, पडेल तेव्हा कुठे असेल ते ठाऊक नाही. चंद्रकांतरावांनी दोन ब्लँकेटं नि थर्मास घेतला, नळी शेजारच्या सीटवर टाकली आणि सुटले.

दोन तास त्यांनी रस्त्याशिवाय काही पाहिलं नाही. वाटेतल्या एडसन गावच्या पेट्रोलपंपावर वळले तेव्हा पावणेअकरा झाले होते. तिसऱ्या पंपाशी, पांढऱ्या बर्फावर, परातीएवढा काळा डाग होता. त्यांनी उतरून बोट लावलं. तेल अजून गोठलं नव्हतं. तिथून थेंबांची ओळ निघाली होती आणि ती पश्चिमेला, जॅस्परच्या रस्त्याला लागली होती. पुढे थेंब जवळजवळ येत गेले, मग त्यांची सलग रेघ झाली, आणि मग रेघही संपली; इंजिनात गळायला तेलच उरलं नव्हतं. त्यांना मोठ्याने रडावंसं वाटलं.

किलोमीटरभर पुढे गाडी कडेला उभी होती. काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांनी दार ओढलं. मागच्या सीटवर तिघं एका रजईत. ऊर्मी अनुयाच्या जाकिटाच्या आत होती आणि रडत नव्हती.

"चला, माझ्या गाडीत, आधी तिला!"

अनुया पोरीला घेऊन मागे बसली, प्रणव पुढे. चंद्रकांतरावांनी हीटर पूर्ण सोडला. प्रणवच्या तोंडून शब्द नीट फुटत नव्हते. "ऑइल लाइट आला काका, आणि टू मिनिट्समध्ये इंजिन डेड. अर्धा तास झाला. नेटवर्क नाही. दोन ट्रकना हात केला, थांबलेच नाहीत." मग तो जरा सावरून, शाबासकीच्या आशेने म्हणाला, "पण मी डब्याला कुणाला हात लावू दिला नाही. एडसनला एक ट्रकवाला म्हणत होता, कॅन फ्रीझ झालाय, फाइव्ह मिनिट्समध्ये डिस्कनेक्ट करून देतो. त्याने बॉनेटही उघडलं होतं. मी म्हटलं, नो सर, डोन्ट टच."

प्रणवने मांडीखाली टोचणारी नळी ओढून काढली. "हे काय आहे काका?"

मागून अनुयाचा आवाज आला. "फ्रीझ होतो तो डबा? तुम्हाला माहीत होतं?"

अजूनही खोटं बोलता आलं असतं. पोरगा त्यावरही विश्वास ठेवणार होता, म्हणूनच त्यांना ते जमलं नाही. "माहीत होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी लोकांसमोर सांगायची लाज वाटली. ही नळी जोडायची असते थंडीत."

प्रणवने नळी हातात उलटीपालटी करून पाहिली आणि हळूच खाली पायांशी ठेवली.

"गाडी वळवा," अनुया म्हणाली. "एडसनच्या हॉस्पिटलला. आणि आमच्याशी बोलू नका."

त्यांनी गाडी वळवली. पाचसात किलोमीटर आरशात फक्त अनुयाचे हात दिसत होते, पोरीचे तळवे चोळणारे. मग ऊर्मी एकदा कण्हली, आणि पुढच्याच क्षणी तिने भोकाड पसरलं. हॉस्पिटलच्या दारापर्यंत ती रडत राहिली, आणि गाडीत कुणीही तिला गप्प केलं नाही.