आवाज पास होईपर्यंत

अध्यक्ष, माझ्या भावाला आमच्या बापाला एक चाल ऐकवायची होती आणि ती तुम्ही ऐकवू दिली नाहीत.

हा आरोप आहे. तक्रार असती तर तुमच्या मंडळाच्या दाराशी टांगलेल्या पेटीत टाकली असती. पण त्या पेटीत मी डोकावून पाहिलंय. आत मेलेल्या बॅटऱ्या आहेत आणि एक चुरगळलेला चिंगमचा कागद. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

ज्यांना गिटारच्या पेडलांचं हे प्रकरण ठाऊक नाही, त्यांनी सुखाने जगावं. पण दोन ओळी वाचून घ्याव्यात. साबणाच्या डबीएवढा लोखंडी डबा असतो. गिटार आणि स्पीकर यांच्या मधे तो जोडायचा आणि पायाने त्याचं बटण दाबायचं. एका डब्याने आवाज घोगरा होतो, एकाने विहिरीत ओरडल्यासारखा घुमतो, एकाने पाण्याखालून आल्यासारखा येतो. डब्याला तीन-चार कान असतात, ते पिळायचे. बस्स, एवढंच. यावर माणसं संसार उधळतात.

माझा धाकटा भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. काम चोख. घरी आला की हात धुऊन गिटार घ्यायचा, त्याला कुणाची हरकत नव्हती. आमचे नाना छापखान्यात यंत्रावर होते. जन्मभर त्या धडधडाटात उभे राहिले आणि घरी परतताना गल्लीच्या तोंडापासून शीळ घालत यायचे. एकच चाल, स्वतःची, शब्द नसलेली. पहिली ओळ खाली खाली घुटमळणारी आणि दुसरी एकदम जिना चढून गच्चीवर जाणारी. ती ऐकू आली की आई ताटं मांडायची आणि आम्ही दोघं भांडण थांबवून अभ्यासाला बसल्याचं नाटक करायचो. पुढे नानांचे दात गेले, कवळी आली आणि शीळ बंद झाली. कवळीतून नुसती हवा जाते. मग कानही जायला लागले. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "हळूहळू कमी होत जाणार. त्यांना काही ऐकवायचं असेल तर वाट बघू नका."

धाकट्याने ठरवलं, नानांची चाल गिटारवर बसवायची आणि त्यांना ऐकवायची. आठवड्याभरात त्याने ती बसवलीही. त्याच दिवशी वाजवली असती तर हे लिहायची गरज पडली नसती. पण त्याला वाटलं, आवाज जरा कोरडा येतोय. कुणीतरी सांगितलं, पेडलवाल्यांचं मंडळ आहे, तिथे जा.

आणि तिथे तुम्ही होतात.

तुमच्या मंडळाची शिस्त मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला भरूनच आलं. नवं पेडल घ्यायचं तर सदस्याने बैठकीत उभं राहून आपलं उद्दिष्ट आणि प्रेरणा सांगायची, तुम्ही डोळे मिटून ऐकायचं आणि मान हलवायची. मान उभी हलली तर घ्या, आडवी हलली तर बसा. धाकट्याला एकटं जायची लाज वाटत होती म्हणून मी सोबत गेले होते. माझ्यासमोर एक दाढीवाला उठला आणि म्हणाला, "उद्दिष्ट, धुक्यातून येणारा आवाज. प्रेरणा, धुकं." तुमची मान उभी हलली. मग एक दातांचा डॉक्टर उठला. त्याचं उद्दिष्ट होतं, जांभळ्या रंगाची पेडलं पूर्ण करणं. मी शेजारच्याला विचारलं, "हे गिटार छान वाजवत असतील ना?" तो दबक्या आवाजात म्हणाला, "डॉक्टरांकडे गिटार नाहीये हो." तरी तुमची मान उभीच.

मग माझा भाऊ उठला. म्हणाला, "आमच्या वडिलांना कमी ऐकू येतं. त्यांची एक चाल आहे. ती त्यांना ऐकवायचीय."

तुम्ही डोळे उघडलेत. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच.

"हे उद्दिष्ट नाही," तुम्ही म्हणालात, "ही घरगुती अडचण आहे."

सगळे हसले. जांभळा डॉक्टर सगळ्यात मोठ्याने हसला.

"आवाजाबद्दल बोला. काय हवंय? ऊब? धार? झळाळी?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मला झळाळी म्हटलं की साटीनचं कापड आठवतं.

"झळाळी," तो चाचरत म्हणाला.

"बसा. मिळेल."

आणि जाता जाता तुम्ही तो नियम सांगितलात, ज्यासाठी मी तुम्हाला या जन्मी माफ करणार नाही. मंडळाने आवाज पास करेपर्यंत सदस्याने तो कुणालाही ऐकवायचा नाही. घरच्यांना तर मुळीच नाही. का? तर कच्चा आवाज कानावर पडला की ऐकणाऱ्याचा कान बिघडतो. अहो, ज्याचा कान छापखान्याने कधीच खाऊन टाकलाय, त्याचा कान तुम्ही जपायला निघालात!

माझा भाऊ साधा माणूस. त्याला वाटलं, नानांना ऐकवायचंय तर उत्तमच ऐकवावं. तो नियम पाळू लागला. हेडफोन लावून वाजवायचा. बैठकीला ध्वनिमुद्रण घेऊन जायचा आणि पडलेल्या तोंडाने परत यायचा.

"काय म्हणाले?" मी विचारायची.

"झळाळी वरच्या पट्टीत कमी पडते."

"मग?"

"आणखी एक पेडल सुचवलंय."

असं करत करत ज्या काचेच्या कपाटात भावजयीने पाहुण्यांसाठी कपबशा ठेवल्या होत्या, त्या कपाटात पेडलं आली आणि कपबशा पलंगाखाली गेल्या. प्रत्येक पेडलचं खोकंसुद्धा जपून ठेवायचं, हा तुमचा आणखी एक नियम; ती खोकी माळ्यावर गेली आणि माळ्यावरच्या गाद्या आमच्या पाठीखाली आल्या. मला त्याने पेडलांना धूळ बसू नये म्हणून झबली शिवायला लावली. मी पडदे शिवते. उरलेल्या मखमलीची शिवून दिली. भावजय म्हणाली, "ताई, आमच्या लेकीच्या वेळी एवढी हौस नव्हती हो केली त्यांनी."

नाना खुर्चीत बसून हे बघत असायचे. हेडफोनमुळे त्यांना फक्त हलणारी बोटं दिसायची. एकदा न राहवून म्हणाले, "काय रे, वाजवतोस का नुसता खाजवतोस?"

धाकटा त्यांच्या कानाशी ओरडला, "थोडं थांबा नाना! अजून पास नाही झालं!"

"नापास झालास?" नाना म्हणाले. "या वयात?"

आम्ही हसलो. तेव्हा हसू येत होतं.

शेवटी तुमचा निरोप आला. मंडळ घरी येऊन आवाज प्रत्यक्ष ऐकेल. तुम्ही आलात, दाढीवाला आला, जांभळा डॉक्टर आला. आल्या आल्या तुम्ही फर्मावलंत, घरच्यांनी आत जावं. नानांना मी हाताला धरून आतल्या खोलीत नेऊन बसवलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीवरून उठवून. मला मात्र दारात उभं राहू दिलंत, कारण माझ्या हातात बिस्किटांची ताटली होती. बिस्किटं आणणारीला तुम्ही घरची धरत नसावात.

तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलात. "डोळे कानांना फसवतात," म्हणालात. बाकी दोघांनीही भिंतीकडे तोंड केलं. तीन मोठी माणसं शिक्षा झालेल्या पोरांसारखी भिंतीला लागून बसलेली. धाकटा पेडलांच्या फळीपुढे उभा राहिला. घामाघूम.

"आधी पेडलाविना," तुम्ही म्हणालात.

त्याने चाल वाजवली. तुम्ही चुकचुकलात. "कोरडं. अगदीच कोरडं."

"पुठ्ठा," दाढीवाला म्हणाला.

"आता पेडल लावून."

धाकट्याने पायाने बटण दाबलं आणि पुन्हा वाजवलं. तुमचा खांदा सैल झाला. तुम्ही दीर्घ श्वास घेतलात. "आहाहा. ही! ही झळाळी! आला फरक लक्षात?"

"काच, काच!" दाढीवाला म्हणाला.

डॉक्टरने रुमाल डोळ्यांना लावला.

मला काही फरक कळला नव्हता, पण मला कळणार तरी काय, असं मनाशी म्हणत मी धाकट्याकडे पाहिलं. तो पायाशी पाहत होता. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. पेडल सुरू असलं की त्यावर लाल दिवा लागतो. दिवा लागला नव्हता. एकाही पेडलवर लागला नव्हता.

मी वायरीच्या मागावर नजर नेली. स्वयंपाकघरातल्या बोर्डाला जळका वास येत होता म्हणून भावजयीने चहाची किटली बाहेरच्या बोर्डावर लावली होती. त्यासाठी एक पिन उपटून बाजूला ठेवली होती. ती पेडलांची. स्पीकर चालू, किटली चालू, पेडलं सगळी मेलेली. वीज नसली की ही पेडलं गिटारचा आवाज काही न करता जसाच्या तसा पुढे सोडतात. म्हणजे तुम्ही दोनदा एकच आवाज ऐकला होतात, अध्यक्ष. तो कोरडा. तो पुठ्ठा. आणि तुमची झळाळी उकळत होती ती तुमच्याच चहासाठी.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात धाकट्याने मान हलवली. नको, ताई. मला त्याचं कळलं. आवाज पास झाला होता. आता तो नानांना ऐकवू शकत होता. एवढंच त्याला हवं होतं, पहिल्या दिवसापासून.

"पास," तुम्ही जाहीर केलंत.

तो धावतच आत गेला, नानांना घेऊन आला, खुर्चीत बसवलं. स्पीकर त्यांच्याकडे वळवला, आवाज वाढवला आणि चाल वाजवली. नानांची चाल, त्यांच्या शिळेच्याच पट्टीत, वर, उंच, जशी गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायची तशी. शेजारच्या खिडक्या उघडल्या. धाकट्याचे डोळे नानांच्या चेहऱ्यावर.

थोड्या वेळाने त्यांनी आमच्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे, आणि शिष्टाचार म्हणून हसले.

"हं," म्हणाले, "लाव की आता."

धाकट्याची बोटं थांबली. खोलीत किटली तेवढी खदखदत होती.

तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतं? मला आठवतं. "प्रत्येकाचा कान तयार नसतो."

मग मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. ताटली खाली आपटली आणि ती उपटलेली पिन उचलून तुमच्या नाकासमोर धरली. म्हटलं, ही बघा तुमची झळाळी. जमिनीवर पडली होती. दाढीवाल्याचा चेहरा उतरला. डॉक्टर बिस्किटाकडे बघत बसला. आणि तुम्ही? तुमचा ढिम्मपणा बघून मी तुम्हाला मनातून दाद दिली, खोटं कशाला बोलू? तुम्ही पापणी न हलवता म्हणालात, "इतके दिवस पेडलं जोडलेली होती. त्यांचा संस्कार तारांवर झालेला आहे. तोच मी ऐकला."

वर चहा प्यायलात. साखर कमी आहे म्हणालात. आणि पायऱ्या उतरताना धाकट्याला सांगितलंत, पुढच्या बैठकीला नवं उद्दिष्ट घेऊन या.

दुसऱ्या दिवशी आम्ही नानांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी यंत्र लावून तपासलं आणि सांगितलं ते असं: वरचे, बारीक सूर आधी जातात. मधल्या काळात ते गेले. खालचे, जाड सूर अजून थोडे शिल्लक आहेत. म्हणजे तुम्ही माझ्या भावाला महिनोन् महिने ज्या वरच्या पट्टीतल्या झळाळीमागे पळवलंत, ती नेमकी तीच जागा होती जी नानांच्या कानातून रोज थोडी थोडी पुसली जात होती. तो इकडे घासत होता आणि तिकडे ती जात होती.

घरी आल्यावर धाकट्याने पेडलांची फळी पायाने बाजूला सारली. गिटार सरळ स्पीकरला जोडली. चाल खाली ओढली, सगळ्यात जाड तारेवर आणली आणि सावकाश वाजवली.

नानांची मान वर आली.

"अरे," ते म्हणाले. "हे... हे मी घालायचो की."

भावजय कणकेच्या हाताने बाहेर आली. नानांनी ओठांचा चंबू केला, शीळ घालायला गेले आणि कवळी घसरून मांडीवर पडली. आम्ही सगळे हसलो, तेही हसले, बोळकं दाखवत. कवळी परत बसवली आणि म्हणाले, "हं, पुढचं वाजव."

धाकटा पुढचं वाजवत होता. मघापासून वाजवत होता. पण दुसरी ओळ जाड तारेवर घेतली तरी चढतेच, तिचा स्वभावच तो. तिथवर नानांचा कान पोचत नाही.

"थांबलास का? पुढचं विसरलास होय?"

"नाही हो नाना, वाजवतोय!"

"मग येऊ दे की."

त्याने पुन्हा वाजवलं. मग पुन्हा. शेवटी गिटार ठेवून तो मोरीत जाऊन तोंड धुऊन आला. मी पाणी बराच वेळ वाहताना ऐकलं.

तेव्हापासून हेच चाललंय, अध्यक्ष. नाना रोज कामावरून येणाऱ्या धाकट्याची वाट बघतात. तो खुर्चीजवळ बसतो, पहिली ओळ वाजवतो, नाना खूश होतात. मग दुसरी ओळ येते आणि नाना हात कानामागे धरून बसून राहतात. त्यांची अशी समजूत झालीय की पोराला ती येतच नाही. काल तर त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "असू दे. शिकशील."

तो ती पहिल्या आठवड्यातच शिकला होता. तेव्हा नानांना ऐकूही येत होती, सबंध. मधे फक्त तुम्ही होतात आणि तुमचा नियम.

तुम्ही म्हणाल, आम्ही जबरदस्ती केली नव्हती. खरंय. तुम्ही नुसती मान आडवी हलवलीत. मी संस्कार, झळाळी, ऊब यातलं काही विचारत नाही. पेडलांचे पैसेही मागत नाही; ते आमचं आम्ही बघू. मला एकच सांगा. आज संध्याकाळी नाना पुन्हा विचारणार आहेत, पुढचं कुठे आहे म्हणून. धाकटा बोलत नाही, मला खोटं जमत नाही. तेव्हा तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायचं त्यांना?

बोला. आणि मोठ्याने बोला, त्यांना ऐकू जाईल असं.