टेबलाखालची फळी

मी एक जुनी फळी आहे. हसू नका. लोणच्याच्या बरण्या मांडायची फळी नव्हे मी! जगातले देश ज्या टेबलाशी बसून आपली भांडणं मिटवायचे, ते टेबल लांबवायची मी फळी. पाहुणे वाढले की मला खालून ओढायचं, मधे बसवायचं, की आणखी चार खुर्च्या मावल्या. माझा जन्मच त्यासाठी.

सुतारानं टेबल आणि मला एकाच खोडातून कापलं. मला घासताना तो म्हणाला होता, "आज लढाई जिंकलेले बसतील. उद्या दुसऱ्यांची पोरं मोठी होतील, ती काय जन्मभर उभी राहतील?" माझ्या वाट्याला आलेलं कौतुक तेवढंच. मग मला आत सरकवलं आणि सगळे विसरले.

मित्रांनो, टेबलावर काय वाढलं गेलं ते मी कधी पाहिलं नाही. मी पाहिले बूट. वर तोंड शांततेच्या गोष्टी करत असे आणि खाली पाय शेजाऱ्याचा पाय दाबत असे. सगळ्यांत चकचकीत बूट थोरल्यांचे. थोरले म्हणजे सर्वांत बलाढ्य देशाचे प्रतिनिधी. लहान देशांना भिंतीलगतचे बाक. बोलायचं तर हात वर करायचा, थोरल्यांनी मान हलवली तर उभं राहून बोलायचं. मोठमोठी माणसं, पण शाळेतल्या ढ मुलांसारखी वागवलेली.

बाकावर एका देशाच्या बाई बसत. आल्या तेव्हा चपलेचा अंगठा शिवलेला होता. पुढे त्यांच्या देशात कारखाने उभे राहिले, जहाजं बांधली गेली. थोरल्यांच्या बुटाचं कातडंसुद्धा तिकडूनच येऊ लागलं. एके दिवशी बाई हात वर न करताच उठल्या आणि थेट टेबलाशी आल्या.

"थोरले, जरा सरका."

"जागा कुठंय बाई? तुम्हीच बघा."

"खाली फळी आहे. वाकायची सवय असली की दिसते."

माझ्या अंगावर शहारा आला! मला कुणीतरी पाहिलं होतं.

"ती ओढली तर टेबल हलेल," थोरले म्हणाले.

"टेबल हलेल, की तुम्ही?"

कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं. थोरले भडकले. "हे नियम आम्ही केले, तेव्हा तुमचा देश कुठं होता?"

"तुमची ओझी वाहत होता."

दुसऱ्या दिवशी थोरल्यांनी शिपायाकडून माझ्या दोन्ही टोकांना खिळे ठोकून घेतले. फळी निघतच नाही, असं सांगायची सोय झाली. सुतारानं मायेनं घासलेल्या अंगात खिळे! ते मी विसरलेले नाही.

बाई पुन्हा बाकावर बसल्या नाहीत. त्यांनी रस्त्यापलीकडे स्वतःचं टेबल मांडलं. बाकावरचे एकेक करून तिकडे गेले. मग दोन शेजारी देश नदीच्या पाण्यावरून भांडले. पूर्वी दोघांना समोरासमोर बसवून दटावलं असतं. आता एकजण इकडे आला, दुसरा तिकडे गेला. दोन्ही टेबलांनी आपापल्याची पाठ थोपटली. नदीकाठची गावं जळाली.

तेव्हा कुठं थोरल्यांना माझी आठवण झाली. सुताराच्या मुलाला बोलावणं गेलं. त्यानं खिळे उपटले, मला ओढलं, बसवून पाहिलं.

"ओलीनं फुगलीय. आता नाही बसायची."

"जरा ठोक की."

"तडकेल, साहेब."

"मग नवी कर. मी बाईंना निरोप धाडतो."

"त्या कशाला येतील? त्यांचं टेबल मीच केलंय."

थोरल्यांनी हळूच विचारलं, "त्याला फळी आहे?"

"मी म्हटलं होतं, लावू का? बाई म्हणाल्या, 'कशाला? आलेत तेवढ्यांना पुरतंय.'"

थोरले हसले, मित्रांनो. अख्ख्या आयुष्यात मला त्यांचा तेवढा राग आला नव्हता. आणि बाईंचा तर त्याहून जास्त आला, कारण भिंतीलगत बसून पाय कसे अवघडतात ते त्यांना ठाऊक होतं.

आता मला खिडकीशी टेकवून ठेवलंय. रस्त्यापलीकडे बाईंच्या दालनात हमाल बाक वाहून नेताना दिसतात. भिंतीलगत मांडायचे असतील.

तुम्हीही कधीतरी मोठ्या टेबलाशी बसाल. बसल्या बसल्या आधी उभं कोण आहे ते बघा, आणि त्याच दिवशी सरका. माझी कीव करू नका. मी लाकूड आहे, सडले तरी कुणाचं काही जात नाही. नदीकाठी माणसं होती.