एक मत म्हणजे हजार

सिनेटच्या मोजणीत एका मताचे हजार गुण धरतात.

प्रचाराला गेलो तेव्हा लेट्रिममध्ये एका बैठकीच्या खोलीत, टीव्हीसमोर, कोकरू झोपलं होतं.

"चहात साखर नको" हे माझ्या बायकोने, अट्रॅक्टाने, एप्रिलात दोनशे अकरा मतदारांच्या घरांत सांगितलं.

सिनेटच्या साठ जागा. अकरा पंतप्रधान नेमतो, सहा विद्यापीठांच्या पदवीधरांच्या, उरलेल्या त्रेचाळीस पाच मंडळांतून. मंडळांचे मतदार म्हणजे काउंट्यांचे, म्हणजे जिल्ह्यांचे, नगरसेवक, नवे खासदार, जुने सिनेटर. "पंतप्रधानाचा फोन आपल्याला येणार नाही, फिंटन," अट्रॅक्टा म्हणाली. "गाडी काढ."

मी काढली.

मोजणीचा चौथा दिवस. दुपारचे पावणेतीन. शेती मंडळाच्या अकरा जागांपैकी दहा भरल्या. अकरावीसाठी दोघं उरले: अट्रॅक्टा गिलहूली आणि लॉर्कन टूई. ती दोनदा पडलेली. या वेळी नाही, तर पुन्हा कुणाच्या दारात जाणार नाही, असं ती गाडीत म्हणाली होती, आणि तिने काही म्हटलं की ते तसंच होतं.

लेट्रिमचा उमेदवार पीडर स्कॅली नुकताच बाद झाला होता. त्याचे कागद, म्हणजे मतपत्रिका, पुढच्या पसंतीप्रमाणे वाटायला घेतले.

तिचा मामा डिनी कठड्यावर ओणवा. चाळीस वर्षं तो गावच्या मोजण्यांत असाच ओणवा होऊन कागद मोजत आला. "टूईला नऊ. आपल्याला सहा. आणि टूई आधीच दीड मताने पुढे." त्याने पेन्सिल खिशात टाकली. "संपलं, पोरी."

"नक्की, मामा?"

"मला विचारतेस?"

अट्रॅक्टा सरळ टूईकडे गेली, त्याचा हात हातात घेतला. "अभिनंदन, लॉर्कन. तुझं पोट माझ्यापेक्षा मोठं, चहा जास्त मावला."

तो खो खो हसला आणि आईला फोन लावला. "आई, झालो गं!"

मी मात्र टेबलाकडे पाहत होतो. टूईच्या नऊ कागदांचे दोन गठ्ठे झाले होते. सात इकडे, दोन तिकडे.

"मामा, गठ्ठे दोन का?"

"दोन? गावात तर..." तो थांबला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "गावात कागद म्हणजे कागद रे. इथे निवडून आलेल्याचं गरजेपेक्षा उरलेलं मत पुढे जातं ते तुकडा होऊन. स्कॅलीकडेही तसे तुकडे आले होते."

तुकडा दोनशे चौदा गुणांचा. टूईचे सात तुकडे, दोन अख्खे.

"आपले? मामा, आपले किती अख्खे?"

"पाच! पाच अख्खे, एक तुकडा! थांब, थांब, पेन्सिल कुठंय?"

खिशात होती. ती काढून आकडेमोड मी केली, माझ्याच तळहातावर.

पाच अख्खे कुठून आले, ते मला ठाऊक होतं. लेट्रिममध्ये सगळे उमेदवार पहिल्या पसंतीचं मत मागत फिरले. अट्रॅक्टा म्हणायची, "पहिलं स्कॅलीला द्या, तो तुमच्या गावचा. मला दुसरं." मी गाडीत भांडलो होतो.

"एवढी वणवण दुसऱ्या मतासाठी?"

"स्कॅली पडेल."

"मग?"

"मग त्याची स्वतःची मतं हलतील. त्यांचे तुकडे झालेले नसतात. गाडी चालव."

अधिकारी उठला. माइक खरखरला.

"टूई, शहात्तर हजार चारशे तीन. गिलहूली, शहात्तर हजार सहाशे सव्वीस."

दोनशे तेवीस! एका माणसाच्या मताचा पाव हिस्सासुद्धा नाही. मामाने मला मिठी मारली, मग शेजारच्याला, तो टूईचा माणूस निघाला. मी ओरडलो, काय ओरडलो ते आठवत नाही. अट्रॅक्टा तोंडावर हात धरून उभी होती, आणि हाताच्या वरून तिचे डोळे नुसते हसत होते.

"लॉर्कन," ती म्हणाली, "ते अभिनंदन परत दे बघू."

"आई," टूई फोनमध्ये म्हणाला, "जरा थांब गं."

सिनेटची मुदत ज्याच्याशी बांधलेली, ते खालचं सभागृह पाच वर्षं टिकलं नाही. तीन वर्षं दोन महिन्यांनी ते बरखास्त झालं, आणि पुढच्या नव्वद दिवसांत सिनेटची निवडणूक पुन्हा घ्यावी लागली. "गाडी काढ," अट्रॅक्टा म्हणाली.