एका वेळी एकच टोपी

आमच्या हेस्टरने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, लग्न क्लेमशी केलं, पण संसार करावा लागला तो क्लेम आणि त्याच्या गाडीशी. दोन सीटची, गडद हिरवी, कापडी टपाची ती जुनी स्पोर्ट्स कार. पावसात टप गळतो, थंडीत पाय बधिर होतात, आणि सामान म्हणाल तर सँडविचचा डबा कसाबसा मावतो. हेस्टर तिला आयुष्यात कधी ‘आमची गाडी’ म्हणाली नाही. एरवी ‘क्लेमची गाडी’ आणि डोकं फिरलं की ‘तुझं ते डबडं’.

म्हणून ती मंगळवारी सकाळी माझ्या दारात येऊन म्हणाली, “डेन्झिल, क्लेम गाडी विकतोय. शनिवारी जेवणाच्या सुमारास ग्लॉस्टरहून गिऱ्हाईक येतंय,” तेव्हा मी म्हटलं, “मग केक भाज की. इतकी वर्षं हेच तर मागत होतीस.”

ती पायरीवर माझ्या चिखलाच्या बुटांशेजारी बसली आणि रडायला लागली. मला बायकांच्या रडण्याची सवय नाही, बहिणीच्या तर मुळीच नाही. मी चहा ठेवला.

प्रकरण असं होतं. हिवाळ्यात क्लेमच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. वसंतात तो काठी टेकत घरी आला, गाडी सुरू केली, आणि गाडी धड चालेना. उभ्या उभ्या थरथरायची, मिसिंग मारायची, जोर दिला की कार्बोरेटर ठसका लागल्यासारखा शिंकायचा, आणि चर्चच्या उतारावर पाय काढला की सायलेन्सरमधून बार उडायचा. असा पहिला बार झाला तेव्हा उतारावरच्या मिसेस प्रॉसरचा कुत्रा जो पळाला तो दुसऱ्या दिवशी पार लेडबरी गावात सापडला.

क्लेमने दोन आठवडे तिच्याशी झटापट केली. या गाड्यांना दोन कार्बोरेटर असतात आणि दोघांनी सारखीच हवा ओढावी लागते. आमच्याकडचे जुने लोक ते कानाने जुळवतात. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. दोन्हीकडची फुसफूस सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. या कामात क्लेमसारखा माणूस मॉल्व्हर्नच्या टेकड्यांच्या अलीकडे-पलीकडे नव्हता. यंदा मात्र त्याला ती फुसफूस जुळवताच आली नाही.

“त्याला वाटतंय त्याचा कान गेला,” हेस्टर म्हणाली. “एका कानाने कमी ऐकू येतंय, ते खरंच आहे. मला म्हणाला, ज्याला आपली गाडी ऐकू येत नाही त्याने ती ठेवू नये. आणि तेव्हापासून बोलतच नाही, डेन्झिल. टोस्टला मार्मालेड लावतो आणि तसाच ठेवून देतो. गाडी गेली की हा माणूस खुर्चीत बसेल तो कायमचाच.”

“मी काय करू मग?”

“दुरुस्त कर.”

माझी बहीण लहानपणापासून अशीच. काम सांगते, कसं करायचं ते नाही सांगत.

शनिवारी सकाळी मी सिरिलला घेऊन गेलो. सिरिल आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबातला. त्याचं एकच तत्त्व आहे आणि ते तो लग्नात, मयतात, सगळीकडे सांगतो: कार्बोरेटरचं दुखणं नेहमी करंटमध्ये, म्हणजे ठिणगीच्या बाजूला असतं. क्लबात सगळ्यांनाच हे पाठ आहे. कार्बोरेटरला हात लावायचा तो अगदी शेवटी, बाकी सगळं बघून झाल्यावर.

क्लेम गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. “विकायची ती विकायचीच,” तो म्हणाला. “पण ठसकणारी गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारणं मला पटत नाही. बघा काय होतंय ते.”

बॉनेट उघडलं. कार्बोरेटरच्या दोन्ही टोप्या, घंटेच्या आकाराच्या, इतक्या लखलखत होत्या की मला माझ्या नाकातले केस दिसले.

“हेस्टरने केल्या,” क्लेम म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी त्याचा चेहरा जरा सैल झाला. “मी हॉस्पिटलात असताना. दरवर्षी मेच्या जत्रेआधी मी घासतो ना, यंदा हिने घासून ठेवल्या. घरी आल्यावर बॉनेट उघडलं आणि बघतच बसलो.”

सिरिलने ठिणगीचे पॉइंट बदलले. कंडेन्सर बदलला. वायरी बदलल्या. प्रत्येक वेळी गाडी सुरू केली, प्रत्येक वेळी ती शिंकली.

“करंटच आहे,” सिरिल म्हणाला.

“करंटचं तू आता काही शिल्लकच ठेवलं नाहीस,” मी म्हटलं. “आता फक्त वीज कंपनी बदलायची राहिलीय.”

मी चारही प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले. मागचे दोन बिस्किटाच्या रंगाचे, जसे असावेत तसे. पुढचे दोन राखेसारखे पांढरे. क्लेम खुर्चीतून पुढे वाकला.

“पुढच्या दोघांना पेट्रोल कमी पडतंय,” तो म्हणाला. “पुढचा कार्बोरेटर. नाहीतर कुठून तरी चोरून हवा शिरतेय.”

प्लग परत बसवून गाडी सुरू केली, आणि मी तेलाच्या कुपीने सगळ्या सांध्यांवर तेल सोडलं. हवा शिरत असती तर इंजिनाचा सूर बदलला असता. काही फरक नाही. गाडी बंद केली. सिरिल घड्याळाकडे बघायला लागला. मी पण बघितलं. ग्लॉस्टरचा माणूस एव्हाना निघाला असणार.

तेव्हा क्लेम उठला. काठी भिंतीला लावून गाडीवर ओणवा झाला आणि मागच्या कार्बोरेटरच्या तोंडात बोट घालून आतला, टोपीत वर-खाली सरकणारा पिस्टन वर उचलून सोडला. टक. खाली पडला. मग पुढच्याचा उचलून सोडला. आवाज नाही.

“मला ऐकू आलं नाही, की झालाच नाही?” त्याने विचारलं.

“झालाच नाही,” मी म्हटलं.

त्याने पुन्हा बोट घातलं. “अर्ध्यावर अडकून बसलाय. भोक सताड उघडं, हवा भसाभस आत, पेट्रोल नुसतं वास घेण्यापुरतं. शिंकणार नाहीतर काय करणार बिचारी.” आणि माझ्याकडे वळून, “डेन्झिल, हे ऐकायचं कामच नव्हतं. अडकलेल्या पिस्टनबरोबर कोणाच्याच कानाने जमलं नसतं.”

एवढं बोलून तो पोरासारखा भराभर पुढच्या टोपीचे स्क्रू काढायला लागला. टोपी हातात उलटी धरून उजेडाकडे नेली. आतल्या कडेला त्याने फार पूर्वी खुणा ठोकल्या होत्या, पुढचीला एक ठिपका, मागचीला दोन. या टोपीला दोन होते.

टोपी आणि तिच्यातला पिस्टन जोडीनेच घासून बनवलेले असतात. एकाची टोपी दुसऱ्याला चालत नाही. मागच्याला पुढची कशीबशी चालली, पुढच्याला मागची घट्ट झाली. ही गोष्ट क्लबातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, म्हणून तर कोणाच्या डोक्यात आली नाही.

“टोप्या अदलाबदल!” सिरिल ओरडला. “कुठल्या गाढवाने केलं हे?”

मागे कपबश्या किणकिणल्या. हेस्टर ट्रे घेऊन उभी होती.

“मी,” ती म्हणाली.

सिरिलने फडकं उचललं आणि आधीच पुसलेले हात पुन्हा पुसायला लागला.

“मी दोन्ही एकदम काढल्या,” हेस्टर म्हणाली. “स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर घेऊन बसले. तू कायम एकच काढायचास, घासून लावायचास, मग दुसरी. मी खिडकीतून इतकी वर्षं बघतेय. मला वाटायचं, काम लांबवतोयस, घरात यायला नको म्हणून.”

“तेही थोडं होतंच,” क्लेम म्हणाला.

“हसू नकोस. माझ्यामुळे तू दोन आठवडे...” कपबश्या एका बाजूला घसरल्या. ट्रे मी घेतला, नाहीतर चहाचं काही खरं नव्हतं.

क्लेम लंगडत तिच्याजवळ गेला. टोपी अजून हातात होती. “तू त्या इतक्या छान केल्या होत्यास की मला उघडवेनात. तुझा हात शेवटचा लागलेला, मी कशाला लावू? आणि मला वाटलं, तू जागच्या जागीच घासल्यास. सहा स्क्रू काढून, त्या चाळीस गोष्टींच्या गर्दीतून एकटीने सोडवून आणल्यास, हे मला सुचलंच नाही. चूक माझी आहे, हेस्टर. तुला ओळखतो म्हणायचो.”

माझ्या डोळ्यांत पेट्रोल गेलं होतं. सिरिलच्याही.

टोप्या आपापल्या जागी गेल्या. क्लेमने बोटाने पिस्टन सोडले. टक. टक. गाडी सुरू केली तशी ती लागलीच घुमायला लागली, सलग. ना शिंक, ना बार. क्लेमने रबरी नळी कानात घातली, एका तोंडाशी धरली, मग दुसऱ्या. पुन्हा पहिल्या. हळूहळू त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. कान थोडा गेला होता हे खोटं नव्हतं.

त्याने नळी काढली, टोक शर्टाला पुसलं आणि हेस्टरपुढे धरलं.

“तू ऐक.”

“मला त्यातलं काय कळतंय?”

“केटल उकळायच्या आधी वाजते ते कळतं ना? दोन्हीकडे तसंच वाजलं पाहिजे.”

हेस्टरने एप्रनसकट वाकून नळी कानात घातली. “हे पुढचं... जास्त ओढतंय. मागचं आपलं सुस्त.” क्लेमने स्क्रू केसभर फिरवला. “अजून थोडं. थांब. जास्त झालं. आण मागे. हां.” आणि मग तिचा चेहरा असा झाला, जसा मी तिच्या लग्नातही बघितला नव्हता. “सारखं झालं, क्लेम. दोन्ही अगदी सारखं.”

फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. तपकिरी चामडी हातमोजे घातलेला एक सद्गृहस्थ उतरला आणि हिरव्या गाडीकडे बघत आत यायला लागला. क्लेम काठी शोधत होता. हेस्टर तशीच पुढे झाली, नळी कानातून लोंबत होती.

“तुम्हाला उगाच खेप पडली,” ती त्याला म्हणाली. “चहा घेऊन जा. आमची गाडी विकायची नाहीये.”