ओला बांबू

गुरुवारी शाळा सुटता सुटता मोठ्या बाईंनी सेरवाला व्हरांड्यात थांबवलं. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "शनिवारी चार वाजता आहे. मुलांचा कार्यक्रम. ऑक्टोबरात ते टीव्हीवाले येऊन गाणं रेकॉर्ड करून गेले होते ना, तेच." एवढं बोलून त्या कुलूप लावायला वळल्या. डुफीचं नाव त्यांनी घेतलं नाही. गावात आता ते कोणीच घेत नव्हतं.

सात वर्षं सेरवा साऱ्या अबोनसो गावात 'डुफीची आई' होती. भाजीवाल्या बायका, शाळेतली पोरं, चर्चमधल्या म्हाताऱ्या, सगळे तिला तशीच हाक मारायचे. नोव्हेंबरात तीन दिवसांच्या तापात डुफी गेली आणि चौथ्या दिवसापासून ती पुन्हा नुसती सेरवा झाली, ट्रेनिंग कॉलेजातून नवी नवी आली होती तशी.

पहिलं मूल गेलं की आईबापांनी रडायचं नसतं. रडलं तर पाठचं मूलही त्याच वाटेने जातं. सेरवाच्या आईने, तिला सगळे 'मामे या' म्हणायचे, सेरवाला आणि तिच्या नवऱ्याला, बोआदूला, पांढरी वस्त्रं नेसवली, समोर बसवून शेंगदाण्याचं सार आणि उकडलेली अंडी खायला घातली. घास गिळेपर्यंत ती हलली नाही. तिकडे गावाबाहेर दुसऱ्याच माणसांनी डुफीला मातीआड केलं. आईबापांना तिथे जायची मुभा नव्हती. दुपारपर्यंत घरातून तिचा गणवेश गेला, चपला गेल्या, भिंतीवरचा फोटो गेला. मामे याने दोघांचे फोन मागून घेतले आणि भाचीकडून त्यातलंही सगळं पुसून घेतलं. सेरवा कॉलेजात शिकलेली. तिला या सगळ्यावर बोलता आलं असतं. पण पाठीवर दहा महिन्यांची धाकटी आसाबिया बांधलेली होती आणि तिचं कपाळ त्या दिवशी जरा कोमट लागत होतं. सेरवाने मुकाट्याने फोन काढून दिला.

आता जानेवारी उजाडला होता आणि सेरवाला एक भीती लागली होती, जी तिने बोआदूलासुद्धा सांगितली नव्हती. डुफीचा चेहरा तिला नीट आठवेना. भुवया आठवायच्या, हनुवटी आठवायची, पण सगळं मिळून तोंड उभं राहायचं नाही. वर्गात मुलं लिहीत बसली की ती खडू हातात धरून डोळे मिटायची आणि प्रयत्न करायची. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, झोप आली का?"

घरी टीव्ही होता, पण त्यावर फक्त सीड्या लागायच्या. शेजारच्या दोन घरांवर डिशच्या तबकड्या होत्या. त्या पैसे भरून दिसणाऱ्या, त्यात डुफीचं गाणं दाखवणारी प्रांताची वाहिनी नव्हती. आणि असती तरी दुसऱ्याच्या घरात बसून ती कशी बघणार होती? चार माणसांत डोळ्यांना पाणी आलं असतं तर संध्याकाळच्या आत मामे याच्या कानावर गेलं असतं. हवेतून फुकट येणारं ते चित्र घरातच उतरवायला हवं होतं.

"सारपाँग मामाला सांग, अँटेना लावून दे, फुटबॉल बघायचाय," ती त्या रात्री बोआदूला म्हणाली.

बोआदू मांपाँगच्या स्टँडवरून भाड्याची गाडी चालवायचा. बोलायला कमी. तो म्हणाला, "सेरवा, आसाबियाला काही झालं तर?"

"बघितल्याने काही होत नाही. रडायचं नाही एवढंच ना? मी नाही रडणार."

शुक्रवारी दुपारी सारपाँग मामा आला. खांद्यावर बांबू, हातात ॲल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना, तोंडात काडी. गावातल्या निम्म्या घरांवरच्या अँटेना त्यानेच उभ्या केल्या होत्या. सेरवाने बांबूवर हात फिरवून पाहिला. तो हिरवागार होता.

"मामा, हा तर ओला आहे."

"मग? वाळलेला कुठून आणू? गावातला झाडून सगळा वाळका बांबू मंडपाला गेलाय." उद्या ओपानिन ड्वोमोचा अंत्यविधी होता. नव्वदीचा म्हातारा, त्याला तीन महिने बर्फात ठेवून मुलांनी दक्षिणेतून, परदेशातून पैसे गोळा केले होते. "एका म्हाताऱ्याला निरोप द्यायला चारशे खुर्च्या, सहा मंडप. मी मेलो की मला हा ओलाच बांबू लावा, मी काही म्हणणार नाही."

"तुला कोण बांबू लावतंय? तुझ्यावर एक छत्री धरू," बोआदू म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो असं काही बोलला. मामा खूश होऊन हसला.

स्वयंपाकाच्या पडवीच्या खांबाला मामाने तारेने बांबू बांधला. मग नेहमीचं सुरू झालं. मामा बाहेर बांबू फिरवणार, बोआदू आतून ओरडणार.

"आलं का?"

"नाही."

"आता?"

"आलं. गेलं. अरे, कशाला हलवलंस?"

"मी नाही हलवलं, तुझ्या टीव्हीने हलवलं."

मामा अँटेना कुमासीच्या दिशेने वळवत होता, कारण वीस वर्षं सगळ्यांच्या अँटेना तिकडेच तोंड करून होत्या. सेरवा त्याला म्हणाली, टीव्हीचा नवा मनोरा वर डोंगरात आहे, कड्यातली ती खिंड दिसते ना, त्यातूनच येईल. मामाने काडी दुसऱ्या गालात सरकवली. "बाईसाहेब, बांबू पुस्तक वाचत नाही." पण त्याने फिरवला. आतून बोआदूचा आवाज आला, "आलं. स्वच्छ आलं. कोणीतरी टोमॅटोची जाहिरात करतंय."

जाताना मामाने उंबऱ्याबाहेर चपला घालत सेरवाकडे न बघता सांगितलं, "सोमवारी लोखंडी पट्टी आणून पक्कं करतो. तोवर फार हात लावू नका." थोडं थांबून म्हणाला, "शनिवारी चार वाजता या वाहिनीवर कुठला सामना नसतो, पोरी. मी सगळे सामने बघतो." आणि निघून गेला.

शनिवारी सकाळपासून गाव काळ्या-लाल कपड्यांत फिरत होतं. मामे या काळं नेसून दारात आली. सेरवाने सांगितलं, आसाबियाला सर्दी आहे आणि बोआदूचं पोट बिघडलंय. मामे याने नातीच्या गळ्याला हात लावून पाहिला. "ताप नाही."

"रात्री होता."

"तू रात्रभर तिच्या नाकाशी बोट धरून बसतेस. अशाने पोर भिते." मामे याची नजर बांबूवर गेली, वरपर्यंत गेली, खाली आली. मग ती लाऊडस्पीकरच्या आवाजाच्या दिशेने चालू लागली.

दुपारी वारा सुटला. उत्तरेकडून वाळवंटाची धूळ घेऊन येणारा, ओठ फोडणारा कोरडा वारा. साडेतीनला टीव्हीवरचं चित्र चौकोन चौकोन होऊन फुटलं आणि पडदा निळा झाला. दोघं धावत बाहेर आले. ओला बांबू अँटेनेच्या वजनाने वाकला होता. वरच्या काड्या खिंडीकडे सोडून पेरूच्या झाडाकडे बघत होत्या.

बोआदूने बांबूला खांदा देऊन तो सरळ केला. सेरवा आत.

"आलं?"

"नाही. थोडा उजवीकडे."

"आता?"

"आलं होतं. तू श्वास घेतलास की जातं."

तो उंच, त्याची पकड घट्ट; जोर लावला की बांबू जास्तच फिरायचा. चारला पाच कमी होते. सेरवा आसाबियाला पाठीवर बांधून तशीच बाहेर आली. "असं नाही, हे बघ, काल मामाने इथे टेकवला होता," म्हणत तिने स्वतःला भिंत आणि बांबू यांच्यामध्ये अडकवलं. बांबू काखेत, गाल बांबूला. बोआदू आत बघायला पळाला.

"आलं," तो ओरडला. "हलू नकोस. एकदम स्वच्छ."

"मग ये, तू धर."

तो आला. त्याने धरला. ती आत गेली तर पडदा निळा. पुन्हा अदलाबदल केली. पुन्हा निळा. तिने धरला की यायचं. कार्यक्रमाची सुरुवातीची धून वाजू लागली, तेव्हा दोघं अंगणात समोरासमोर उभे होते आणि बांबू तिच्या काखेत होता.

"मी धरते," ती म्हणाली. "तू फोनवर घे. पहिल्यापासून घे. थांबवू नकोस. ती आली की ओरड."

"सेरवा..."

"जा ना."

तो गेला. खिडकी तिच्या डाव्या हाताला होती, पण मान वळवली तर बांबू हलायचा. ती समोरच्या पेरूकडे बघत उभी राहिली. आत कोणीतरी बाई गोड आवाजात बोलत होती. मग दुसऱ्या शाळेची मुलं, काहीतरी नाटुकलं. हात भरून आला. धूळ डोळ्यांत जात होती. दूरवर म्हाताऱ्याच्या मंडपातून ढोल ऐकू येत होते आणि ती मनात म्हणत होती, आता नको, जरा थांबा, आता वाजवू नका.

मग अबोनसो प्राथमिक शाळेचं नाव आलं. गाणं सुरू झालं.

बोआदू ओरडला नाही.

तिने वाट पाहिली. पहिलं कडवं गेलं. गाण्याचे शब्द तिनेच वर्गात शिकवले होते, रात्री स्वयंपाक करताना डुफीकडून घोकून घेतले होते. दुसरं कडवं. तिसऱ्या कडव्यात एक ओळ डुफीने एकटीने म्हणायची होती. सेरवाने हाक मारली, "बोआदू, आली का?" आतून काही नाही.

आणि मग ती ओळ आली. बारीक आवाज, शेवटच्या शब्दावर नेहमीसारखा घसरलेला. कितीदा सांगितलं होतं, तिथे श्वास राखून ठेव म्हणून.

पाठीवर आसाबियाची चुळबुळ थांबली. तिने मान वळवली, खिडकीकडे. सेरवाला ते पाठीवर जाणवलं, त्या छोट्या डोक्याचं वळणं. मग आसाबिया पाय झाडू लागली. बहीण शाळेतून आल्याचा आवाज ऐकला की झाडायची तशी.

बांबू सोडून चार पावलं टाकली असती तर सेरवा खिडकीशी पोचली असती. पण बांबू सोडला असता तर खिडकीत निळा पडदाच दिसला असता. आणि फोनमध्येही तेवढंच राहिलं असतं. तिने बांबू आणखी जवळ ओढला नाही, सैलही सोडला नाही. होता तसाच धरला. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, गोड आवाजाची बाई पुन्हा बोलली. तरी ती उभी होती. कार्यक्रम संपून बातम्यांची धून लागली तेव्हा तिने हात काढला, आणि बांबू हळूहळू, जणू दमून, पेरूकडे झुकला.

आत बोआदू टीव्हीसमोर उभा होता. पडदा निळा. त्याचा फोनचा हात मांडीपाशी लोंबत होता आणि फोनवर लाल ठिपका अजून चालू होता.

सेरवाने तो त्याच्या बोटांतून सोडवून घेतला. मागे नेऊन पाहिलं. सुरुवातीला ती गोड आवाजाची बाई, नीट. दुसऱ्या शाळेचं नाटुकलं, नीट. अबोनसोचं नाव आलं, मुलांच्या रांगा दिसल्या, दूरवरून, इवलाली तोंडं, आणि कॅमेरा त्यांच्याकडे सरकणार तोच सगळं खाली कोसळलं. मग लाल-पिवळ्या चौकटींचं लिनोलियम. बोआदूचे अनवाणी पाय. गाणं चालू, पाय स्थिर. डुफीची ओळ आली तेव्हा पायांची बोटं आखडली. शेवटपर्यंत तेच.

"मी धरला होता," बोआदू म्हणाला. "मला वाटत होतं मी धरलाय."

तिला काही तरी फेकावंसं वाटलं. हाताशी फोनच होता, तो फेकता येत नव्हता. "तू पाहिलीस?"

त्याने मान डोलावली.

"सांग."

"काय सांगू?"

"सगळं. कुठे होती?"

"दुसऱ्या रांगेत. डावीकडून चौथी."

"केस?"

"कापलेले. शाळेचे असतात तसे."

"ते मला ठाऊक आहे. तोंड कसं दिसत होतं?"

बोआदू, गाडीत बसणाऱ्याला भाड्यापलीकडे कधी काही न बोललेला माणूस. "डुफीसारखं," तो म्हणाला आणि खाली बसला, आणि नोव्हेंबरापासून अडवून ठेवलेलं सगळं त्याच्या खांद्यांतून बाहेर यायला लागलं. सेरवा त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. पाठीवरच्या आसाबियाला सोडून पुढे घेतलं. मग तिचाही बांध राहिला नाही.

मामे या आली तेव्हा ती दोघं तशीच होती. तिच्या काळ्या कपड्यांवर धूळ, आवाज बसलेला. दारात उभी राहून तिने त्यांचे डोळे पाहिले, फोन पाहिला. सेरवा उठली नाही, डोळे पुसले नाहीत. आता आई काय म्हणेल याची तिला पहिल्यांदाच भीती वाटली नाही, आणि दुसऱ्याच क्षणी तिने आसाबियाच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मामे याने स्टूल ओढलं. ती गुडघे चोळत बसली.

"मी आज पोटभर रडून आले," ती म्हणाली. "बायका म्हणायला लागल्या, मामे या, ओपानिन तुझा कोण लागत होता? मी त्या म्हाताऱ्याशी जन्मात दोनदा बोलले असेन." तिने नाक पुसलं. "तिथे रडता येतं. कोणी विचारत नाही कोणासाठी. मला तरी तिथे रडता आलं. तुम्हाला तेही नाही."

 मामे याने फोनकडे बोट केलं. "दिसते?"

"नाही," सेरवा म्हणाली. "नुसता आवाज आहे."

म्हातारीने मान खाली घातली. तिने जे पुसून घेतलं होतं ते तिच्याकडेही नव्हतं. मग ती उठली, नातीला उचलून कडेवर घेतलं आणि कंद सोलायला पडवीत गेली.

सेरवाने फोन कानाशी धरून ती ओळ एकदा ऐकली. मग बोआदूकडे वळली. तो भिंतीला टेकून बसला होता, चेहरा धुतल्यासारखा रिकामा.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "कुठे उभी होती?"

"दुसऱ्या रांगेत," तो म्हणाला. त्याने डोळे मिटले, आत शोधलं. "डावीकडून... तिसरी."

मघाशी तो चौथी म्हणाला होता. "बरं," ती म्हणाली. "तिसरी. मग?"